पहिल्या भागापासून सुरू करू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पेपरात गेमबद्दल दोनच प्रकारचं छापून येतं. एक तर कुठल्यातरी पोराने आईच्या मोबाईलवरून पैसे उडवले ही बातमी, नाहीतर मुलं हाताबाहेर गेली ह्या विषयावर कुणाचंतरी पत्र. मागच्या रविवारी परत तसंच पत्र आलं, मे महिन्याची अख्खी सुट्टी पोरांनी स्क्रीनपुढे घालवली म्हणून. लिहिणाऱ्यांचा राग मला कळतो, उगाच नाही चिडलेत ते, पण त्यांनी सगळे गेम एकाच माळेचे मणी करून टाकलेत आणि तिथे माझं त्यांच्याशी पटत नाही. नाटकाचं परीक्षण तुम्ही छापता, सिनेमाचं छापता, जत्रांच्या दिवसात दशावतारावर पानभर येतं आणि यायलाच पाहिजे, मग स्कायरिम नावाच्या ज्या एका गेमच्या सहा कोटींच्या वर प्रती जगभर खपल्या त्याच्यावर मराठीत चार ओळी यायला काय हरकत आहे? कुणी लिहीत नाही म्हणून मीच लिहायला बसलोय. लांबलं तर कापा, पण मधलं कापू नका, कामाचं तिथेच आहे.

माझं मालवणात कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. गणपतीत चाकरमानी आले की त्यांची पोरं आपले भारीतले लॅपटॉप घेऊन येतात, इथली भावंडं ते चार दिवस मागे उभी राहून बघतात आणि आरती आटपून पाहुणे परत गेले की इथली पोरं घरातला जुना डबा उचलून माझ्या काउंटरवर आणून ठेवतात. पहिला प्रश्न ठरलेला, "काका, ह्येच्यार स्कायरिम चालतला काय?" आणि दुसरा पण ठरलेला, पाचवा भाग आहे ना हा, मग आधीचे चार खेळायला लागतील का, पहिल्यापासून सुरू करू का.

नको. अजिबात नको. हे एवढंच सांगायला खरं तर पत्र होतं, पण नुसतं नको म्हणून भागत नाही, का नको ते पण सांगावं लागतं.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ह्या मालिकेचं नाव द एल्डर स्क्रोल्स. अमेरिकेत मेरीलँड राज्यात बेथेस्डा म्हणून कंपनी आहे ती बनवते, २०२१ पासून ती मायक्रोसॉफ्टच्या मालकीची झाली. पहिला भाग अरेना १९९४ चा, मग १९९६ ला डॅगरफॉल, २००२ ला मॉरोविंड, २००६ ला ऑब्लिव्हियन आणि ११ नोव्हेंबर २०११ ला स्कायरिम. सहाव्या भागाची मिनिटभराची झलक जून २०१८ मध्ये दाखवली, तेव्हा जी पोरं आठवीत होती ती डिप्लोमा करून नोकरीला लागली तरी गेम अजून यायचाच आहे. सगळं घडतं टॅमरिएल नावाच्या एका काल्पनिक खंडात, त्याचे नऊ प्रांत, आणि मॉरोविंडपासून पुढे प्रत्येक भाग एकेका प्रांतात. स्कायरिमची गोष्ट ऑब्लिव्हियनच्या जवळपास दोनशे वर्षांनंतरची आहे, म्हणजे पात्रं वेगळी, गावं वेगळी, भांडणं वेगळी. मागचं काही माहीत नसलं तरी कुठेच अडत नाही. मागचं माहीत असलं तर एखाद्या जुन्या पुस्तकात किंवा देवळात ओळखीचं नाव दिसतं आणि जरा बरं वाटतं, इतकंच.

आता अरेना आणि डॅगरफॉल. दोन्ही आता फुकट मिळतात, कंपनीनेच सोडलेत, आणि फुकट म्हटल्यावर आपली माणसं तिथूनच सुरू करणार हे उघड आहे. पण अरेना विंडोजच्या आधीच्या, डॉसच्या जमान्यातला गेम आहे, माउस दाबून धरून आडवा ओढला की तलवार फिरते, आणि पहिल्याच तुरुंगातून बाहेर पडेपर्यंत निम्मी पोरं कंटाळून सोडून देतात. मुळात तो ग्लॅडिएटरच्या मारामारीचा गेम करायचा बेत होता, म्हणून ते अरेना नाव, नंतर बेत बदलला तरी नाव तेच राहिलं. डॅगरफॉलचा नकाशा तर एवढा अवाढव्य की ग्रेट ब्रिटनशी तुलना करतात, पण तो बराचसा कॉम्प्युटरनेच आकडेमोड करून तयार केलेला, त्यामुळे एक गाव बघितलं की पुढची शंभर बघितल्यात जमा, आणि त्यातल्या भुयारांत माणूस शिरला की बाहेरचा रस्ता सापडेल ह्याची गॅरंटी नाही. डॅगरफॉल युनिटी म्हणून चाहत्यांनी तो नव्याने बांधलाय, छान काम केलंय, पण ते सगळं नंतर, गोडी लागल्यावर. सुरुवात स्कायरिमपासून करा.

आणि त्यातही कुठलं स्कायरिम हा वेगळा घोळ आहे कारण हा गेम त्या कंपनीने इतक्या वेळा परत परत विकलाय की लोक त्यावर विनोद करतात. २०११ चा मूळ गेम, २०१६ चं स्पेशल एडिशन, २०२१ चं अॅनिव्हर्सरी एडिशन. तुम्ही स्पेशल एडिशन घ्या. त्यात डॉनगार्ड, हार्थफायर आणि ड्रॅगनबॉर्न ह्या तिन्ही जोडण्या आधीच आहेत, बाकी जास्तीचं सामान हवंच असलं तर मागाहून घेता येतं. कंपनीने मागितलंय स्पेशलला आठ जीबी रॅम, एक जीबीचं बऱ्यापैकी ग्राफिक कार्ड आणि बारा जीबी जागा. माझा अनुभव असा की ज्या मशीनमध्ये वेगळं कार्ड नाही, नुसतं प्रोसेसरमधलं आहे, त्यावर पण सगळी सेटिंग खाली आणून, सावल्या कमी करून, रेझोल्युशन ७२० वर ठेवलं की बरेचदा खेळण्याजोगं चालतं. सुंदर दिसणार नाही, चालेल. आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाका, एका घरातून दुसऱ्या घरात जाताना जो लोडिंगचा पडदा येतो तो जुन्या हार्ड डिस्कवर एवढा रेंगाळतो की पोरं तेवढ्यात खाली जाऊन वडापाव खाऊन येतात.

विकत घेताना स्टीम ह्या गेमच्या ऑनलाईन दुकानातून घ्या, तिथे रुपयात किंमत दिसते आणि उन्हाळी आणि हिवाळी सेल लागले की हे जुने गेम फार स्वस्त होतात, सेल नसताना घेण्याची काही गरज नाही. आणि महत्त्वाचं, घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असेल तर पैसे परत मागता येतात. म्हणजे काकांना विचारण्यापेक्षा दोन तासांत स्वतःच बघा चालतं का. पेनड्राईव्हवर कुणीतरी दिलेली चोरीची कॉपी घेऊ नका, हे मी सोवळा आहे म्हणून सांगत नाही, त्या कॉपीबरोबर आलेली घाण काढायला तीच पोरं माझ्याकडे येतात आणि मग आख्खं मशीन फॉर्मॅट मारावं लागतं.

आपल्याकडचं एक सांगून ठेवतो. खाऱ्या हवेने लॅपटॉपचे पोर्ट गंजतात, पंख्यात धूळ आणि दमटपणा मिळून लगदा बसतो, आणि नुसतं टायपिंग करताना जे लक्षात येत नाही ते गेम लावला की दहा मिनिटात कळतं, मशीन तापतं आणि अडखळायला लागतं. पोरं म्हणतात गेम जड आहे. गेम जड नाही, पंखा उघडून साफ करा आणि प्रोसेसरवरची पेस्ट बदला, मग बोला. आणि पावसात लाईट कधी जाईल ह्याचा नेम नाही, डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर एफ फाईव्ह दाबायची सवय लावा, त्याने लगेच सेव्ह होतं, एफ नाईन दाबलं की परत तिथूनच. दर लढाईच्या आधी आणि दर दरवाज्याच्या आधी, हाताला सवय लागली पाहिजे.

आता प्रत्यक्ष खेळ. स्कायरिम सुरू होतं तेव्हा तुम्ही हात बांधलेले कैदी, बैलगाडी म्हणा घोडागाडी म्हणा, तिच्यात बसून मुंडकं उडवायला नेत असतात. हेल्गन नावाच्या गावात गाडी थांबते, तुमचं नाव विचारतात आणि तिथे तुम्हाला माणूस घडवायचा असतो. दहा जमाती आहेत, उत्तरेकडचे दणकट नॉर्ड, जादूत पुढे असलेले एल्फ, मांजराच्या तोंडाचे खजीत, सरड्यासारखे आर्गोनियन वगैरे. इथे पोरं नाक डोळे भुवया करत तासभर बसतात आणि कुठली जमात घेऊ म्हणून चौकशा करतात. कुठलीही घ्या हो. फरक सुरुवातीला थोडा असतो, पुढे तो पुसला जातो, कारण ह्या गेममध्ये तू योद्धा की तू मांत्रिक असं आधी लिहून घेत नाहीत. अठरा कसब आहेत आणि जे वापराल ते वाढतं. तलवार चालवली तर तलवार, धनुष्य ओढलं तर धनुष्य, कुलपं उघडत बसलात तर कुलपं. मला ह्या मालिकेतलं सगळ्यात जास्त हेच आवडतं, की आधी काही ठरवायचं नाही, हाताला जे येतं त्यावरून तुम्ही कोण ते ठरतं. (बहुतेक सगळे शेवटी लपून बाण मारणारेच होतात, जगभर हा विनोद आहे, तुम्ही पण व्हाल.)

मुंडकं उडायच्या वेळेला काळा ड्रॅगन येतो आणि पळापळ होते, मग गुहेतून बाहेर पडून खाली रिव्हरवुड गावाकडे यायचं. वाटेत तीन उभे दगड लागतात, योद्धा, मांत्रिक आणि चोर, ज्याला हात लावाल त्या गटातली कसबं वीस टक्के लवकर वाढतात. न बघता पुढे पळू नका. रिव्हरवुडमध्ये एक दुकानदार आणि त्याची बहीण भांडत असतात, त्यांचा सोन्याचा पंजा चोरीला गेलाय, तो डोंगरावरच्या ब्लीक फॉल्स बॅरो नावाच्या जुन्या थडग्यात गेलाय. पहिली स्वारी हीच करा. आत एका मोठ्या कोळ्याच्या जाळ्यात चोर अडकलेला असतो आणि सोडवा सोडवा म्हणून गयावया करतो, सोडवलात की पळून जातो हे आत्ताच सांगून ठेवतो. पंजा त्याच्याकडेच असतो, तो काढून घ्या. पुढे एक दगडी दरवाजा, त्यावर तीन गोल चकत्या, प्रत्येकीवर प्राण्यांची चित्रं, आणि इथे दहातली नऊ पोरं यूट्यूब उघडतात. उघडू नका. तो पंजा तुमच्या पिशवीत आहे ना, पिशवी उघडा, पंजा निवडा आणि माउसने उलटा फिरवून जवळून बघा. तळव्यावर तीन चित्रं कोरलेली दिसतील, अस्वल, पतंग, घुबड. तेच बाहेरून आत लावा आणि पंजा मधल्या भोकात घाला. सगळा गेम हा असाच आहे, उत्तर खिशात असतं आणि लोक बाहेर शोधतात, कारण बाकीच्या गेमनी वस्तू उचलायची आणि विकायची एवढंच शिकवलेलं असतं, ती उलटून बघायची सवयच नाही.

वस्तूंवरून आठवलं. इथे सगळं उचलता येतं, बादली, चीजचा गोळा, काटे चमचे, कोबी. नवीन माणूस सगळं भरून घेतो. सुरुवातीला ३०० वजन झेपतं, त्याच्यावर गेलं की तुमचा माणूस धावायचा बंद होतो आणि मग घरापर्यंत पाय ओढत चाला. बादल्या सोडा. कमी वजनाची आणि जास्त किमतीची वस्तू घ्या, दागिने, जादूची बाटली, चांगलं हत्यार. लेव्हल वाढली की जादू, तब्येत आणि दम ह्यातलं एक वाढवायला सांगतात, दम वाढवला की वजन पण पाचने जास्त झेपतं. पहिल्या काही वेळा तब्येत घ्या, नाहीतर पहिल्याच लांडग्यांच्या टोळीत मराल. आणि व्हाईटरन शहराबाहेरच्या मैदानात मॅमथ हत्तींच्या बरोबर शांतपणे फिरणारे उंच राक्षस दिसतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका. त्यांच्यातल्या एकाने सोटा मारला की तुम्ही मरता ते मरता, पण वर आकाशात ठिपका होईपर्यंत उडता, आणि दुकानात जी कोण मंडळी असतील ती हसून हसून बेजार होतात.

सगळ्यात मोठं गुपित आता सांगतो. मुख्य गोष्टीच्या मागे लागू नका. व्हाईटरनच्या जार्लकडे, म्हणजे तिथल्या सरदाराकडे जायचं, मग तो टेहळणी बुरुजावर पाठवतो, तिथे पहिला ड्रॅगन मारायचा, ही मुख्य वाट. पण तो बुरुज केला नाही तर बाकी प्रांतात उठसूट ड्रॅगन उतरत नाहीत. म्हणजे ज्याला शांतपणे डोंगरदऱ्या फिरायच्यात, गावागावातल्या लोकांच्या गजाली ऐकायच्यात, त्याने ते काम तसंच ठेवावं, ड्रॅगन थांबतो, त्याला घाई नाही. लोक विचारतात गेम संपवायला किती वेळ लागेल. हा संपवायचा गेम नाही. डावीकडे धूर दिसला तर डावीकडे जा, तिथे कोण राहतं बघा, त्याच्या टेबलावरचं पुस्तक उघडून वाचा. पुस्तकं शेकड्यांनी आहेत आणि सगळी उघडून वाचता येतात, काही एवढी मजेशीर आहेत की मारामारी राहते बाजूला. गेम मराठी हिंदीत नाही, इंग्रजीत आहे, म्हणून सेटिंगमध्ये जाऊन सबटायटल सुरू करा, ते पहिल्यांदा बंद असलं तर संवाद डोक्यावरून जातात.

आणि मॉड. मॉड म्हणजे चाहत्यांनी बनवलेले फुकटचे बदल, हजारोंनी मिळतात, ड्रॅगनच्या जागी रेल्वेचं इंजिन उडवणारे सुद्धा आहेत. पहिल्यांदा खेळताना काही टाकू नका. माझ्याकडे मॉड टाकून टाकून बिघडवलेला स्कायरिम घेऊन येणारे जास्त आणि गेम खेळून झालेले कमी.

आता मॉरोविंड, माझा सगळ्यात लाडका. पण तो कुणाला द्यायचा हे बघून देतो. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ट्रॉलर ओढून ठेवलेले, जाळी विणून झाली की तरण्या पोरांना वेळच वेळ. त्यातला एक, तांडेलाचा झिल, म्हणजे बोट चालवणाऱ्याचा मुलगा, दोन पावसाळ्यांपूर्वी स्कायरिम खेळत होता आणि एक दिवस वैतागून आला, म्हणाला काका ह्यात डोकंच लावावं लागत नाही, बाण दाखवतो तिकडे जायचं. खरं आहे त्याचं, स्कायरिममध्ये वरच्या पट्टीवर खूण दिसते आणि माणूस समोरचा डोंगर बघायचा सोडून खुणेकडे बघत चालतो. त्याला मी मॉरोविंड लावून दिला. त्यात खूण नाही, बाण नाही, नकाशावर बोट ठेवून झटकन पोहोचायची सोय नाही. लांब जायचं तर सिल्ट स्ट्रायडर नावाच्या उंच पायांच्या प्रचंड किड्यावर बसा, नाहीतर होडीने, नाहीतर पायी. माणसं तोंडी पत्ता सांगतात आणि तो तुमच्या डायरीत लिहिला जातो. सुरुवातीचंच एक काम, बालमोरा गावाहून मूनमॉथ किल्ल्यावरून पुढे, ड्वेमर नावाच्या लोप पावलेल्या जमातीच्या जुन्या पुलावरून दरी ओलांडून आर्कंगथँड नावाच्या अवशेषात जायचं आणि एक कोड्याची डबी आणायची. दार ढकलून उघडत नाही, बाहेर एक चाक आहे ते फिरवावं लागतं, आणि ती डबी एवढीशी, अंधाऱ्या खोलीतल्या फळीवर, लोक तीन तीन वेळा समोरून जातात आणि बघत नाहीत. ह्या पोराने डिझेलच्या बिलाच्या पाठीवर पेन्सिलने तो पत्ता उतरवला होता, पूल, किल्ला, वळण, सगळं, आणि किनाऱ्यावरचं देऊळ आणि मागची टेकडी एका रेषेत धरून पाण्यातली जागा ओळखतात ना, तशी त्याने दोन डोंगर धरून वाट बसवली होती. स्कायरिममध्ये कंटाळलेला तो पोरगा नारळी पौर्णिमा होऊन बोट पाण्यात गेली तरी रात्री येऊन मॉरोविंडच्या गजाली सांगत बसायचा.

पण सगळ्यांना हे झेपत नाही. मॉरोविंडमध्ये तलवार समोरच्याच्या अंगाला लागलेली दिसते तरी वार हुकतो, कारण आत फासे पडत असतात. दम संपलेला असताना मारत सुटलात तर साधा खेकडा पण मरत नाही, म्हणून धावत धावत लढाईत शिरू नका, आधी थांबा, हिरवी पट्टी भरू दे. आणि ज्या हत्याराचं कसब तुम्ही सुरुवातीला निवडलंय तेच वापरा, इथे स्कायरिमसारखं कुठलंही उचलून चालत नाही. पहिल्या गावातून, सेडा नीनमधून, बाहेर पडलात की थोड्या वेळाने वरून किंकाळी ऐकू येईल आणि एक माणूस आकाशातून धपकन पडेल. का पडला ते त्याच्या अंगावरची डायरी वाचली की कळतं आणि त्याच्याकडच्या जादूच्या गुंडाळ्या काय करतात ते पण कळतं, पण वापरायच्या आधी सेव्ह करा. २००२ चा गेम असल्याने कुठल्याही डब्यावर चालतो, मूळ गेम विकत घेऊन ओपनएमडब्ल्यू ह्या फुकटच्या इंजिनवर लावला तर अजून छान चालतो.

ऑब्लिव्हियनचं थोडक्यात. तुरुंगाच्या कोठडीत सुरू होतं आणि खुद्द बादशहा तुमच्या कोठडीतून पळून जायला येतो, त्याला आवाज पॅट्रिक स्टुअर्ट ह्या इंग्रज नटाचा. त्यातल्या मारेकऱ्यांच्या टोळीची कामं अख्ख्या मालिकेत सर्वात चांगली लिहिलेली आहेत असं माझं मत, विशेषतः एका बंगल्यात पाच पाहुण्यांबरोबर कोंडून घेतात ते काम. जुना गेम घेतलात तर एक खोट आहे, तुम्ही वाढलात की जग पण तुमच्याबरोबर वाढतं, मग रस्त्यावरचा भुरटा चोर पण लाखमोलाचं चिलखत घालून दहा पैसे मागतो. २२ एप्रिल २०२५ ला त्याचं नवीन रूप अचानक, जाहीर केलं त्याच दिवशी बाजारात आलं, दिसायला डोळे दिपतात, लेव्हलची पद्धत पण सुधारलीय, पण त्याला सोळा जीबी रॅम, तगडं कार्ड आणि १२५ जीबी जागा लागते. आमच्याकडे ज्या घरात फायबर नाही तिथे दिवसाला दोन जीबीचा मोबाईल पॅक, म्हणजे मासेमारीची बंदी सरेल तरी गेम उतरायचा राहीलच. स्कायरिम त्याच पॅकवर आठवड्याच्या आत उतरतो. ज्यांचा भाऊ मुंबईला आहे त्यांनी त्याला हार्ड डिस्कवर उतरवून आणायला सांगा, स्टीमवर स्वतःच्या नावावर घेतलेल्या गेमच्या फायली अशा आणता येतात आणि त्यात चोरी काही नाही.

ऑनलाईन एल्डर स्क्रोल्स म्हणून २०१४ पासून एक आहे, हजारो लोक एकत्र खेळतात. मित्रांची टोळी असेल तरच. त्याचे सर्व्हर युरोप अमेरिकेत, आपल्याकडून नेट रेंगाळतं, आणि एकट्याने जग फिरायची जी मजा मी सांगतोय ती त्यात अर्धीच.

आता मागच्या रविवारच्या पत्रलेखकांसाठी आणि त्यांच्यासारख्या आईबापांसाठी. स्कायरिमवर अमेरिकेत सतरा वर्षं आणि त्यावरच्यांसाठी असा शिक्का आहे. रक्त आहे, मुंडकी उडतात, दारू आहे. सहावीतल्या पोराला देऊ नका, दुकानात आलेल्यांना मी पण हेच सांगतो आणि काही जण रागावून दुसऱ्या दुकानात जातात, जाऊ देत. पण कॉलेजच्या मुलाने घेतला तर शेजारी खुर्ची टाकून अर्धा तास बसा. स्पेशल एडिशन एकदा घेतल्यावर दर लेव्हलला पैसे मागत नाही, इंटरनेट बंद ठेवून खेळता येतो, लॉटरीसारखे डबे उघडायला लावत नाही, समोर अनोळखी माणूस शिव्या द्यायला बसलेला नसतो. मोबाईलवरच्या ज्या गेमने त्यांच्या घरात तमाशा झाला त्यात ह्या चारही बाबतीत उलटं असतं. पैशाची चटक ह्या कंपनीला पण लागलेली आहे म्हणा, २००६ साली घोड्याचं नुसतं चिलखत वेगळं विकायला काढलं होतं आणि लोकांनी तेव्हापासून आजपर्यंत चेष्टा थांबवलेली नाही. पण न घेतलं तर काही अडत नाही.

आपल्याला विनंती एवढीच की रविवारच्या पुरवणीत महिन्यातून एकदा अर्धा रकाना गेमला द्या. कुठला गेम कुठल्या वयाला, कुठल्या मशीनवर चालतो, किती डेटा खातो, आत पैसे मागतो की नाही, एवढं मराठीत छापलंत तरी माझ्या काउंटरवरची निम्मी गर्दी कमी होईल, धंदा बुडाला तरी चालेल. लिहायला माणूस मिळत नसेल तर आमच्या इथे तांडेलाचा झिल आहे, जून जुलैमध्ये मोकळा असतो.

आपला नियमित वाचक,
एक कॉम्प्युटर दुरुस्तीवाला, मालवण
(नाव छापू नये, पोरं घरी येतील)

ता. क. मशीन फॉर्मॅट मारायला आणताना आधी डॉक्युमेंट्समधला माय गेम्स हा फोल्डर पेनड्राईव्हवर काढून घ्या, स्कायरिमचे सगळे सेव्ह त्यात असतात. मी विचारतो, पण सगळेच दुकानदार विचारतील असं नाही.